दरिया, दर्या आणि वाशिष्ठी

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत भूगोलाच्या तासाला दरवर्षी एक गोंधळ ठरलेला असतो. पुस्तकात ‘दरिया’ हा शब्द येतो आणि वर्गातली निम्मी मुले खिडकीतून पश्चिमेकडे बोट दाखवतात. उर्दूत दरिया म्हणजे नदी. पण या मुलांच्या घरी दादी-नानी बोलतात त्या कोकणी बोलीत आणि शेजारपाजारच्या मराठीत दर्या म्हणजे समुद्र. ज्यांचे आजे-पणजे गलबतावर तांडेल होते, खलाशी होते, त्यांना दर्या म्हणजे नदी हे पटावे कसे? आम्ही बी.एड. करताना पाठटाचणात ‘दरिया – नदी’ असा शब्दार्थ लिहून मोकळे झालो होतो. शिकवायला उभे राहिलो तेव्हा कळले की शब्दार्थ सांगून हा प्रश्न सुटत नाही.

एका मुलीने विचारले होते, “मग आपली वाशिष्ठी कोण? दरिया की दर्या?” प्रश्न चुकीचा नव्हता. गोवळकोटाखाली वाशिष्ठीला दिवसातून दोनदा भरती येते. पाणी वर चढते आणि पुन्हा उतरते. तिथे नदी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो, हे नेमके कुणी दाखवू शकत नाही. आणि २२ जुलै २०२१ रोजी तर आम्ही डोळ्यांनी पाहिले की बाजारपेठेतल्या गल्ल्यांतून दर्याच वाहतो आहे.

त्या पुरानंतर बोलणे पुष्कळ झाले. कुणी धरणाला दोष दिला, कुणी पावसाला, कुणी नशिबाला. आम्हांला वाटते की नदी एका रात्रीत बदलत नाही. तिच्या खोऱ्यात दोनशे-तीनशे वर्षे जे घडत गेले, त्याचा हिशेब ती एका रात्रीत मांडते. हा लेख त्या हिशेबाचाच.

उताराची नदी

वाशिष्ठी लांबीने लहान. तिवऱ्याच्या बाजूच्या सह्याद्रीत उगम पावून दाभोळ-अंजनवेलच्या मुखाशी समुद्राला मिळेपर्यंत ती सुमारे ७० किलोमीटर वाहते. सह्याद्रीच्या पूर्वेला उतरलेले पाणी कृष्णेबरोबर १४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेला उतरलेले पाणी एक-दोन दिवसांत अरबी समुद्रात. हजारेक मीटर उंचीच्या कड्यावर पडलेला पाऊस तीस-चाळीस किलोमीटरांत चिपळूणच्या सपाटीवर येतो. तिथून पुढे उतार जवळजवळ नाहीच. वरून धावत आलेले पाणी इथे मंदावते, पसरते आणि आपल्याबरोबर आणलेली माती खाली टाकते. समोरून भरती आली असेल तर ते थबकते. म्हणजे चिपळूणला पाणी भरणे ही काही आजची गोष्ट नाही. ती या जागेच्या घडणीतच आहे. खेडजवळून येऊन वाशिष्ठीच्या खाडीला मिळणाऱ्या नदीचे नावच जगबुडी आहे. ज्या पूर्वजांनी ते नाव ठेवले, त्यांनी काही पाहिल्याशिवाय ठेवले नसणार.

पण पूर्वजांना पुराबरोबर राहण्याची रीत ठाऊक होती. जुन्या घरांची जोती उंच. घरात माळा हवाच, आणि धान्याची कणगी माळ्यावर. पेठेतले दुकानदार आषाढात माल खालच्या फळीवर ठेवत नसत. पाणी अमक्या पायरीपर्यंत येणार, दोन-चार तास थांबणार आणि ओहोटी लागली की उतरणार, हे ठरलेले. भरतीचा हिशेब चांदावर चाले. चांदाच्या आठव्या-नवव्या तारखेला भांग, चौदाव्या-पंधराव्याला उधाण. आमच्या मोहल्ल्यातले म्हातारे नमाजाच्या वेळेइतक्याच सहजपणे भरतीची वेळ सांगत.

बंदराचा काळ

या नदीच्या मुखाशी असलेले दाभोळ हे बहमनी काळात पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. घोडे, कापड, मिरी, तांबे यांची ये-जा इथून चाले. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितीन याने हिंदुस्थानचा किनारा सोडला तो दाभोळहूनच, होर्मुझकडे जाणाऱ्या जहाजातून. १५०८च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांच्या फ्रान्सिस्को द आल्मेदाने हे शहर जाळले. पुढे आदिलशाहीत ते पुन्हा उभे राहिले. किनाऱ्यावरची सतराव्या शतकातली मशीद, जिला लोक अंडा मशीद म्हणतात, त्या वैभवाची साक्ष देत आजही उभी आहे.

दाभोळला उतरलेला माल खाडीतून वर यायचा. मोठी गलबते गोवळकोटपर्यंत येत, आणि तिथून माल बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला जाई. घाटावरून धान्य, गूळ, कापूस खाली येई. खालून मीठ, मासळी, नारळ, सुपारी वर जाई. खाडीकाठच्या मुस्लिम वस्त्या याच व्यापारावर वसल्या. कुणी नाखवा, कुणी खलाशी, कुणी दलाल, कुणी दालदी मच्छीमार. इंग्रजी अमदानीत किनाऱ्यावरून आगबोटी धावू लागल्या तरी दाभोळ ते गोवळकोट हा जलमार्ग चालू राहिला.

आज गोवळकोटच्या धक्क्यावर उभे राहिले तर ओहोटीला चिखलाचे पट्टे दिसतात. ‘इथे गलबत लागायचे’ असे सांगितले तर मुले हसतात. खाडी उथळ झाली. ती कुणी उथळ केली? समुद्राने नाही. ही माती डोंगरावरून आली. म्हणून बंदराची गोष्ट पुरी करायची तर डोंगरावर जायला हवे.

झाडे कुणाची?

कोकणातल्या जंगलाचा इतिहास म्हणजे झाडांच्या मालकीचा इतिहास. शिवशाहीत आरमारासाठी लाकूड लागत होते. तरीही रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात रयतेच्या आंबा-फणसाला तिच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, असा दंडक सांगितला आहे. झाड वाढायला किती काळ लागतो याची जाण त्या राज्यकर्त्यांना होती.

इंग्रजी अंमल आला आणि हिशेब बदलला. मुंबई वाढत होती. तिला इमारतीला लाकूड हवे, चुलीला सरपण हवे आणि कोळसा हवा. कोकणच्या प्रत्येक खाडीतून लाकडाने भरलेले पडाव मुंबईकडे निघाले. जमिनीवर महसूल बसला तो पिकाच्या हिशेबाने, त्यामुळे उतारावरच्या वरकस जमिनीही नाचणी-वरीसाठी मोकळ्या होऊ लागल्या. भातशेतीत राब भाजायला फांद्या लागत. ऐन-किंजळीची झाडे दरवर्षी छाटली जात.

मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये जंगलांचा पहिला कॉन्झर्व्हेटर म्हणून डॉ. अलेक्झांडर गिब्सन याची नेमणूक झाली. हा मूळचा डॉक्टर, पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख. डोंगर उघडे पडले की झरे आटतात आणि खाड्या गाळाने भरतात, ही चिंता त्याच्या लिखाणात आढळते. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी ही गोष्ट सरकारदप्तरी नोंदली गेली होती. पुढे १८७८चा जंगल कायदा आला. ठाणे-कुलाब्याकडे त्याने मोठी राखीव जंगले झाली. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र जमीन खोतांची, झाडे खोतांची. इथे वनखात्याच्या ताब्यात फार थोडे जंगल आले, आणि आजही जिल्ह्यातले बहुतेक रान खाजगी मालकीचेच आहे.

खोत हिंदू होते तसे मुसलमानही होते. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण इतिहास सांगताना आपल्या समाजाकडे फक्त सोसणाऱ्याची भूमिका घेण्याची आपल्याला सवय आहे. कुळांचे रक्त आटवणाऱ्या या पद्धतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९च्या कायद्याने खोती गेली. ती जायलाच हवी होती. पण रान मात्र तुकड्यातुकड्यांत वाटले गेले. आणि लहान तुकड्याच्या मालकाला अडचण आली की त्याच्यापाशी विकायला एकच गोष्ट असे, ती म्हणजे झाड.

दुसऱ्या नदीचे पाणी

याच काळात वाशिष्ठीच्या खोऱ्यात एक अशी गोष्ट घडली जी फार थोड्या नद्यांच्या वाट्याला येते. तिला दुसऱ्या नदीचे पाणी मिळाले.

सह्याद्रीच्या पलीकडे कोयनेवर धरण झाले. डोंगरातून बोगदे खणून ते पाणी पश्चिमेला आणले, आणि कड्याच्या पायथ्याशी पोफळीला १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे टप्पे वाढत गेले. १९७५ मध्ये कोळकेवाडीचे धरण झाले, १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाला सुरुंग लावून चौथ्या टप्प्यासाठी पाणी घेतले गेले. एकूण क्षमता १९६० मेगावॅट. महाराष्ट्राच्या कारखान्यांना आणि घरांना उजेड देणारे हे काम मोठेच होते, त्याबद्दल शंका नाही.

वीज करून झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा पाणीतंट्याच्या बच्छावत लवादाने १९७६च्या निवाड्यात कोयनेतून पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वळवण्याची मर्यादा घातली. ६७.५ टीएमसी म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. जे पाणी कऱ्हाड-सांगलीवरून पूर्वेला जायचे, ते आमच्या नदीतून पश्चिमेला वाहू लागले. जुनी माणसे सांगत की पूर्वी वैशाखात वाशिष्ठीचे कोंड तेवढे भरलेले असत, मधले पात्र पायी ओलांडता येई. आता भर उन्हाळ्यातही नदी वाहते. चिपळूणला पाणी मिळाले, लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत उभी राहिली.

पण याच वाहत्या नदीच्या वर, डोंगराच्या उतारावरच्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत टँकर जातो. तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडणाऱ्या तालुक्यात! धनगरवाडीतली बाई हंडा घेऊन कातळावर बसलेली असते आणि खाली नदीतून दुसऱ्या खोऱ्याचे पाणी समुद्राकडे निघालेले असते. हे पाणी मुंबईला न्यावे, अशा योजना अधूनमधून चर्चेत येतात. ते वर वाडीला न्यावे, अशी चर्चा मात्र फारशी ऐकू येत नाही.

आमचे रान

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. सांगायला बरे वाटत नाही, पण ती वगळून हा लेख लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

खाडीकाठच्या गावात आमच्या आज्याचे घर, आणि गावाच्या वर डोंगरउतारावर त्यांचे रान. ऐन, किंजळ, खैर आणि मधे दोन जुने बेहडे. रानाच्या पायथ्याशी एक झरा होता. त्याचा पऱ्या खालच्या भातखाचरांना लागे. पावसाळा संपल्यावरही रमजान-ईद हिवाळ्यात येई त्या वर्षांत दादी त्याच पऱ्यावर जाजमे धुवायला नेत. आम्ही सात-आठ वर्षांचे असताना चाच्यांना सौदीचा व्हिसा मिळाला. एजंटाला द्यायला पैसे नव्हते. रान ठेकेदाराला दिले. पंधरा दिवसांत डोंगर मोकळा झाला. शेवटचा ट्रक गेला त्या संध्याकाळी आजा ओटीवर पाठमोरे बसून होते, एवढे आठवते.

चाच्यांच्या पैशांनी घर पक्के झाले. आत्यांची लग्ने झाली. आमचे शिक्षणसुद्धा त्याच पैशांतून झाले. म्हणून त्या व्यवहाराला चूक म्हणायला आमची जीभ रेटत नाही. पण दोन-तीन पावसाळ्यांत उतारावरची तांबडी माती धुऊन गेली आणि खालचा कातळ दिसू लागला. झरा आधी मेमध्ये आटला, मग मार्चमध्ये, मग दिवाळीनंतर लगेच. खाचरांचे बांध बांधायला माणसे उरली नव्हती. कुणी मुंबईला, कुणी आखातात. शेती ओसाड पडली.

ही कोकणातल्या हजार घरांची कथा आहे. सत्तरच्या दशकापासून आखाताचा पैसा आला, त्याने आपली गरिबी हटवली, मुली शिकल्या, मशिदींवर संगमरवर चढला. पण भाताचे खाचर म्हणजे फक्त पीक नव्हते. डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी रचलेली ही खाचरे म्हणजे हजारो छोटे तलाव होते. प्रत्येक बांध पावसाचे पाणी वीतभर अडवून धरी, ते जिरे, सावकाश झिरपे. बांध फुटले आणि ते पाणी सरळ व्हाळात धावू लागले. जंगल गेले, खाचरे गेली. मग जांभ्याच्या खाणी आल्या, आंबा-काजूच्या बागांसाठी सपाट केलेले उतार आले, महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी कापलेले डोंगर आले. खोऱ्याची कातडीच सोलली गेली. ही सगळी माती कुठे गेली, ते गोवळकोटच्या धक्क्यावर दिसते.

पाऊस बदलला

जमीन बदलत होती तेव्हा वर आकाशही बदलत होते.

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईत सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटर पावसामुळे सर्वांच्या लक्षात आहे. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. चिपळूणही तेव्हा बुडाले होते. आम्ही शाळेत होतो. आयुष्यातला मोठा पूर पाहून झाला असे समजत होतो.

२ जुलै २०१९च्या रात्री वाशिष्ठीच्या उगमाकडचे तिवरे धरण फुटले. खालची वाडी झोपेत वाहून गेली. वीसच्या आसपास माणसे मेली. धरण खेकड्यांनी पोखरले, असे विधान त्या वेळी एका मंत्र्याने केले होते. खेकड्यांना बोलता येत नाही, एवढेच आम्ही म्हणू.

मग २०२१. २१ जुलैला बकरी ईद होती. करोनामुळे ईदगाहावर नमाज नव्हती, पण कुर्बानीचे वाटप झाले, लोक भेटले. पाऊस दिवसभर थांबला नाही. रात्री चांदाची अकरावी लागली होती, भरती उधाणाकडे चढत होती. पहाटे पेठेत पाणी आले. लोकांनी नेहमीच्या पायरीकडे पाहिले. पाणी ती पायरी केव्हाच ओलांडून गेले होते. सकाळी तळमजले बुडाले, कित्येक ठिकाणी पहिल्या मजल्याला पाणी लागले. वीज गेली, फोन बंद. महामार्गावरच्या वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग खचला, रेल्वे थांबली. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. महाबळेश्वर आमच्या खोऱ्यात नाही, पण ज्या ढगांनी ते भिजवले तेच ढग या साऱ्या रांगेवर ओथंबले होते.

आमच्या शाळेत पाणी छताला टेकायला हातभर कमी होते. कपाटातली जनरल रजिस्टरे भिजून लगदा झाली. त्यांत १९४०-५०च्या दशकांतली नावे होती, जन्मतारखा होत्या. आजकाल कागदाला किती महत्त्व आले आहे, ते आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आम्ही आठवडाभर पाने एकेक वेगळी करून बाकांवर वाळवली. निम्मीसुद्धा वाचली नाहीत. त्या दिवसांत मशिदींच्या माड्यांवर सर्व धर्मांची माणसे झोपली आणि ईदच्या घरांतून उरलेल्या पिठा-तांदळावर अनेकांची पोटे भरली. तेही नोंदवायला हवे.

शास्त्रज्ञ काय म्हणतात? हवा एक अंशाने तापली तर ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवते. अरबी समुद्र तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात पश्चिम किनाऱ्यापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आणि याच काळात एकूण मान्सूनचा पाऊस मात्र कमी झाला. म्हणजे जो पाऊस पूर्वी चार महिने बेताने पडायचा, तो आता कोरडे दिवस सोडून काही दिवसांत ओततो. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग आणि २०२१च्या मे महिन्यात तौक्ते, अशी दोन वादळे लागोपाठच्या वर्षी या किनाऱ्याने सोसली. वाडवडिलांनी लावलेल्या पोफळी-नारळी आडव्या झाल्या.

दोष कुणाचा?

पुरानंतर वाद झाला की धरणाचे पाणी सोडले म्हणून शहर बुडाले, की पाऊसच तेवढा होता. या वादात आम्ही पडत नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जंगल शाबूत असते तर २०२१चा पूर आलाच नसता, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. एका दिवसात चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडला की जंगलाची जमीनही काही तासांत भरून जाते. पुढचे पाणी वाहणारच. असे पूर पूर्वीही आले असतील, जगबुडीचे नाव तेच सांगते.

मग जंगलाने काय होते? लहान आणि मध्यम पावसाचे पाणी ते मुरवते, त्यामुळे दरवर्षीचे पूर आटोक्यात राहतात. मुरलेले पाणी मार्च-एप्रिलमध्ये झऱ्यातून परत येते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे माती डोंगरावरच राहते. माती खाली आली की नदीचे पात्र उथळ होते, आणि उथळ पात्रातून मोठ्या पुराचे पाणी मावत नाही. म्हणजे शंभर वर्षे तुटत आलेल्या झाडांनी २०२१चा पाऊस आणला नाही, पण त्या पावसाला जाण्याची वाट अडवून ठेवली. त्यात आम्ही नदीच्या पसरण्याच्या जागेवर घरे, दुकाने, शाळा बांधल्या, जोती खाली आणली, माळे काढून टाकले. तापलेल्या समुद्राने मोठा पाऊस पाठवला, तेव्हा त्याच्यासाठी सगळी तयारी आम्हीच करून ठेवली होती.

पुरानंतर चिपळूणकरांनी आंदोलन केले आणि नदीतला गाळ काढण्याचे काम सुरू झाले. लाखो घनमीटर गाळ निघाला. त्याचा उपयोग होतोच. पण डोंगर उघडा असेपर्यंत गाळ काढणे म्हणजे फुटक्या होडीतले पाणी उपसणे. उपसावे तर लागतेच, पण कधीतरी भोकही बुजवायला हवे.

कब्रस्तानातली झाडे

आमच्या गावात एक जागा अशी आहे की जिथे कुऱ्हाड कधी गेली नाही. ते म्हणजे जुने कब्रस्तान. हिंदू बांधवांच्या गावांत देवराई असते, तिथल्या फांदीला कुणी हात लावत नाही. आमच्याकडे तोच मान कब्रस्तानाला मिळाला. दीड-दोन एकरांत आंबे, बेहडे, करंज दाट उभे आहेत. त्याच्या खालच्या बाजूला जमातीची विहीर आहे. आमच्या रानाखालचा झरा आटला, गावातल्या बोअरवेल एकामागून एक कोरड्या पडल्या, पण ही विहीर मे महिन्यातही दहा-बारा पायऱ्यांखाली पाणी दाखवते. अख्खा मोहल्ला उन्हाळ्यात तिथेच भरतो. एवढा साधा धडा आमच्या डोळ्यांसमोर होता आणि आम्ही मात्र पाठटाचणात जलचक्राची आकृती काढत बसलो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन आमच्या रानात गेलो. आजा आता नाहीत. चाचे परत आले आहेत, गुडघ्यांनी थकले आहेत. ठेकेदाराने तोडलेल्या खोडांना फुटवे आले होते, पण दरवर्षीच्या वणव्यात ते जळत. आम्ही वणवा अडवायला गवत कापून पट्टा काढला, उतारावर दगडांचे छोटे बांध घातले. चाचे कुंपणाशी बसून पाहत होते. म्हणाले, “माझ्या व्हिसाचे कर्ज हे पोरगे फेडतायत.” आम्ही काही बोललो नाही.

झरा अजून आलेला नाही. कदाचित आमच्या हयातीत येणारही नाही. पण गेल्या पावसाळ्यात दगडी बांधांमागे वीतभर माती साठली होती. ती माती गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत गेली नाही, एवढे नक्की.

आपल्या समाजात जमाती आहेत, ट्रस्ट आहेत, वक्फच्या जमिनी आहेत, आखातातून जकात-खैरात पाठवणारी माणसे आहेत. मशिदीच्या मिनारासाठी आपण वर्गणी काढतो. गावाच्या वरच्या उघड्या डोंगरासाठीही काढायला हरकत नसावी. प्रत्येक खाडीकाठच्या गावाने आपल्या झऱ्यांची, विहिरींची, पुराच्या पायऱ्यांची नोंद ठेवावी. जुनी माणसे आहेत तोवर हे काम करून घ्यायला हवे. आमच्या रजिस्टरांसारखा तो इतिहासही एका रात्रीत भिजून जायचा.

त्या मुलीच्या प्रश्नाला आम्ही तेव्हा उत्तर दिले नव्हते. आता वर्गात सांगतो, की वाशिष्ठी दरियाही आहे आणि दर्याही. वर डोंगरावर आपण कसे वागतो, त्यावर ती खाली कोण होऊन येते ते ठरते.